मंत्रांचे नियम आणि नियमांचे अर्थ



ज्याच्या उच्चारानें कांहीं तरी घडून येतें असा शब्द म्हणजे मंत्र, अशी समजूत जगांतील बहुतेक समाजांत आढळते. परंतु हा शब्द कोणी उच्चारावा, हात कसे हलवावे, जवळ कोणतें द्रव्य असावें, तें द्रव्य न मिळाल्यास काय करावें, असे प्रश्न निघाले म्हणजे मंत्रामागून नियम येतात. आणि नियम आले म्हणजे त्यांचा अर्थ काय, हा वाद येतो. या वादाचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे. त्याचें एक टोंक जैमिनीच्या मीमांसासूत्रांत आहे व दुसरें टोंक सध्यांच्या तरुण मंडळींच्या एका बैठ्या खेळांत आहे. हीं दोन टोंकें एकमेकांपासून फार दूर दिसतात; पण मधला धागा आपल्या महाराष्ट्रांतूनच गेलेला आहे.

प्रथम खेळाविषयीं सांगतों. १९७४ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांतल्या लेक जिनीव्हा या लहानशा गांवांतून तीन छोट्या पुस्तिकांची एक पेटी प्रसिद्ध झाली. तिच्यावर गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचीं नांवें होतीं व खेळाचें नांव होतें ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. या खेळांत सोंगट्यांच्या पटासारखा ठराविक पट लागत नाहीं आणि शेवटीं कोणी एकटा जिंकतही नाहीं. चारपांच जण एका मेजाभोंवतीं बसतात. कोणी योद्धा होतो, कोणी चोर, कोणी मांत्रिक. आणि एक जण सूत्रधार होऊन कथा पुढें नेतो. आपण काय करतों तें प्रत्येकानें बोलून दाखवावयाचें, आणि जेथें यशापयशाचा संशय असेल तेथें फांसे टाकावयाचे, असा हा क्रम आहे. आमच्या नारायण पेठेंत जुन्या वाड्यांच्या जागीं ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतील गच्च्यांवर महाविद्यालयांतील मुलें हा खेळ खेळतांना मी पाहतों. खेळापेक्षां वादच अधिक वेळ चालतो, आणि तो बहुतेक वेळां मांत्रिकाच्या मंत्रावरूनच असतो.

याचें कारण खेळाच्या रचनेंतच आहे. योद्ध्यानें तलवार मारली कीं ती लागली किंवा चुकली, एवढाच प्रश्न. मंत्राचें तसें नाहीं. १९७८ च्या नियमग्रंथांत प्रत्येक मंत्राचीं अंगें सांगितलीं आहेत, तीं तीन प्रकारचीं: उच्चार, हस्तक्रिया आणि द्रव्य. अग्नीचा गोळा फेंकावयाचा तर गंधक आणि वटवाघळाची विष्ठा हवी; वीज पाडावयाची तर लोंकरीच्या कातड्याचा तुकडा आणि काचेची कांडी हवी. शाळेंत काच घासून विजेचा प्रयोग ज्यांनीं पाहिला असेल त्यांना या दुसऱ्या द्रव्यांतील विनोद लगेच समजेल. मांत्रिकानें मंत्र आधीं पाठ करावा आणि एकदां म्हटला कीं तो मनांतून पुसला जावा, ही कल्पना जॅक व्हान्स या कथालेखकाच्या १९५० सालच्या पुस्तकांतून घेतलेली. एवढीं अंगें, एवढ्या अटी. मग मांत्रिकाचें तोंड बांधलें असतां मंत्र चालतो काय, हात बांधले असतां काय, द्रव्य हरवल्यास काय, असे वाद निघणें स्वाभाविकच होतें.

आतां उच्चार, क्रिया आणि द्रव्य ही त्रयी आपल्याकडील कोणाही याज्ञिकास अपरिचित वाटणार नाहीं. उच्चार बिघडल्यास काय होतें, याची एक जुनी कथा तैत्तिरीय संहितेंत आहे व पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभींच तिचा उल्लेख केला आहे. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्यानें आहुति दिली. परंतु ‘इंद्रशत्रु’ या शब्दांतील स्वर चुकीच्या अक्षरावर पडला. इंद्राचा वध करणारा, असा अर्थ व्हावयाचा तो इंद्र ज्याचा वध करील असा, असा झाला; आणि वृत्र जन्मास येऊन इंद्राच्याच हातून मेला. शब्दाच्या अर्थाला समासाचा आणि स्वराचा आधार किती लागतो, हें विद्यार्थ्याच्या मनावर ठसविण्यास याहून बरें उदाहरण मला माहीत नाहीं.

पण उच्चार शुद्ध असूनही अर्थाविषयीं मतभेद झाला तर? या प्रश्नासाठीं जैमिनीचें शास्त्र निर्माण झालें. बारा अध्यायांच्या या सूत्रग्रंथांत सुमारें नऊशें अधिकरणें आहेत. प्रत्येक अधिकरणांत आधीं वादाचें वाक्य घ्यावयाचें, मग संशय मांडावयाचा, मग प्रतिपक्षाचें म्हणणें पूर्ण बळानिशीं सांगावयाचें, आणि त्यानंतरच सिद्धान्त करावयाचा, अशी शिस्त आहे. या शास्त्राशीं महाराष्ट्राचा संबंध फार निकटचा आहे. ‘मीमांसान्यायप्रकाश’ लिहिणारे सतराव्या शतकांतील आपदेव पैठणच्या एकनाथांच्या वंशांतले, असें परंपरा सांगते. काशीस जाऊन राहिलेलें विख्यात भट्ट घराणें, ज्यांत ‘निर्णयसिंधु’कार कमलाकरभट्ट आणि ‘व्यवहारमयूख’कार नीलकंठभट्ट झाले, तेंही मूळ पैठणचेंच. जैमिनीच्या सूत्रांवरील शबरस्वामींचें भाष्य महादेव चिमणाजी आपटे यांनीं १८८८ सालीं स्थापिलेल्या पुण्याच्या आनंदाश्रमानें छापलें. आणि मीमांसेच्या नियमांचा धर्मशास्त्रावर झालेला परिणाम महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं १९३० पासून १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या आपल्या पांच खंडांच्या इतिहासांत सविस्तर सांगितला.

मीमांसकांचा पहिला मोठा शोध असा कीं, अर्थ ठरविण्याचीं साधनें अनेक असतात आणि तीं सारख्या बळाचीं नसतात. श्रुति, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या अशीं तीं सहा. श्रुति म्हणजे उघड विधान. लिंग म्हणजे शब्दाच्या सामर्थ्यावरून निघणारी सूचना. आणि समाख्या म्हणजे नुसतें नांव. दोहोंचा विरोध आला तर आधीचें साधन बलवान्. याचें प्रसिद्ध उदाहरण असें: एका ऋचेंत नांव इंद्राचें आहे, म्हणून सूचना इंद्राची उपासना करण्याची, पण ब्राह्मणवाक्यांत उघड सांगितलें आहे कीं या ऋचेनें गार्हपत्य अग्नीची उपासना करावी. निर्णय असा कीं, उघड विधान मानावें आणि ऋचा अग्नीपुढें म्हणावी. नांवाचें बळ तर या क्रमांत सर्वांत शेवटचें. गंमत अशी कीं, त्या इंग्रजी खेळाच्या २०१४ च्या आवृत्तींत ‘थंड स्पर्श’ अशा अर्थाच्या नांवाचा एक मंत्र होता. तो १२० फुटांवरून टाकतां येई, आणि त्यापासून होणारी इजा थंडीच्या प्रकारांत मोडत नसे. नांवावरून अर्थ करणारे खेळाडू प्रत्येक वेळीं फसत. समाख्या दुर्बळ असते, हें त्यांस कोणी शिकविलें असतें तर एक वाद तरी वांचला असता.

दुसरा शोध द्रव्याविषयींचा. भात न मिळाल्यास नीवार चालतो काय, सोमवल्ली न मिळाल्यास काय करावें, हे प्रश्न सहाव्या अध्यायांत आले आहेत. उत्तर असें कीं, द्रव्याला प्रतिनिधि घेतां येतो, कारण द्रव्य हें साधन आहे. सोमाच्या जागीं पूतिका घेण्याची तर शास्त्राचीच आज्ञा आहे. मात्र देवता, अग्नि, मंत्र आणि क्रिया यांना प्रतिनिधि नाहीं. इंद्राच्या ऐवजीं दुसऱ्याच देवतेला आहुति दिली तर तें कर्मच निराळें झालें. आतां २०१४ चा नियमग्रंथ पाहा. साध्या द्रव्यांच्या ऐवजीं मांत्रिकानें दंड किंवा द्रव्यांची पिशवी बाळगली तरी चालते. परंतु ज्या द्रव्याची किंमत नियमांत लिहिली आहे, किंवा जें द्रव्य मंत्रानें खर्ची पडतें, त्याला प्रतिनिधि नाहीं. नुकत्याच मेलेल्यास उठविणाऱ्या मंत्राला ३०० सुवर्णमुद्रांच्या किंमतीचा हिरा लागतो, आणि तो मंत्राबरोबर नष्ट होतो. तेथें दंड दाखवून भागत नाहीं. साधन कोणतें आणि कर्माचें स्वरूप कोणतें, हा भेद दोन्ही ठिकाणीं केलेला आहे, आणि दोन्ही ठिकाणीं तो गरजेपोटीं सुचलेला आहे.

तिसरा शोध अर्थवादाचा. शास्त्रांतील प्रत्येक वाक्य आज्ञा नसते. कांहीं वाक्यें आज्ञेची स्तुति करणारीं असतात. सुपानें होम करावा, कारण सुपानें अन्न सिद्ध होतें, असें एक वचन आहे. प्रतिपक्षी म्हणतो, अन्न तर भांड्यानें आणि पळीनेंही सिद्ध होतें, मग त्यांनींही होम करूं या. सिद्धान्ती म्हणतो, नाहीं. कारण सांगणारा भाग सुपाची स्तुति आहे, त्यांतून नवा विधि निघत नाहीं. खेळांतही हेंच घडतें. अग्निगोलाच्या वर्णनांत धडाडणाऱ्या आवाजाचा उल्लेख आहे. तेवढ्यावरून एखादा खेळाडू म्हणतो कीं शत्रु बहिरा झाला पाहिजे. परंतु बहिरेपण जेथें द्यावयाचें तेथें ग्रंथ तसें स्वतंत्र सांगतो. आवाज हा अर्थवाद, जाळणें हा विधि.

हा न्याय वाचून आपणांस वाटेल कीं सूप आणि पळी यांचा वाद म्हणजे पंडितांची करमणूक. पण याच न्यायावर एकोणिसाव्या शतकांत हजारों घरांची मिळकत अवलंबून होती. एकुलता एक मुलगा दत्तक देऊं नये व घेऊं नये, कारण तो आपल्या वंशाच्या विस्तारासाठीं आहे, असें वसिष्ठाचें वचन आहे. ही आज्ञा कीं उपदेश? विश्वनाथ नारायण मंडलिक यांनीं १८८० सालीं मयूख आणि याज्ञवल्क्य इंग्रजींत आणल्यापासून न्यायाधीशांना हें साहित्य हाताशीं मिळालें. ज्या वचनाला कारण जोडलेलें आहे तें केवळ उपदेशपर समजावें, असा युक्तिवाद जैमिनीच्या नांवावर न्यायालयांत पुढें आला. आणि १८९९ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें एकुलत्या एका मुलाचें दत्तविधान वैध ठरविलें. निकालाचा परिणाम अनेक कुटुंबांस हितकर झाला असेल. परंतु जैमिनीनें सुपाच्या अधिकरणांत कारणाला अर्थवाद म्हटलें, सुपाचा विधि मात्र कायम ठेवला, हें विसरतां कामा नये. कारण जोडल्यानें विधीच ढिला होतो, असें तो म्हणत नाहीं. न्याय खरा असूनही तो कोठें लावावा याचा विवेक सुटला, तर निर्णयाला नुसतें शास्त्राचें नांव उरतें.

चौथा विषय अधिकाराचा. मंत्र कोणी म्हणावा हा. खेळांत प्रत्येक भूमिकेला मंत्रांची ठराविक यादी असते, आणि दुसऱ्याच्या यादींतला मंत्र म्हणावयाचा तर कोठें तरी तशी स्पष्ट सवलत लागते. विशेष नियम सामान्य नियमाला बाधतो, असें ग्रंथांतच लिहिलें आहे. जैमिनीच्या पुढें प्रश्न आला तो असा. रथकारानें वर्षा ऋतूंत अग्न्याधान करावें, असें वचन आहे. प्रतिपक्ष म्हणाला, रथकार म्हणजे त्रैवर्णिकांपैकींच जो रथ करील तो. सिद्धान्त झाला कीं, ‘रथकार’ हें त्रैवर्णिकांबाहेरील एका विशिष्ट जातीचें रूढ नांव आहे. रूढि ही व्युत्पत्तीपेक्षां बलवत्तर असते. सबब त्या जातीच्या मनुष्याला अग्न्याधानाचा अधिकार आहे. तसेंच ‘निषादस्थपति’ या शब्दाचें. निषादांचा अधिपति, असा षष्ठीचा समास सोडविला तर यजमान त्रैवर्णिक होतो. निषाद असलेला अधिपति, असा कर्मधारय सोडविला तर यजमान निषाद होतो. षष्ठी मानली तर शब्दाचा मुख्य अर्थ सोडून लक्षणा पत्करावी लागते, म्हणून कर्मधारय ग्राह्य, आणि ती इष्टि निषादाची. येथें कोणाच्या दयेचा प्रश्न नव्हता. प्रामाणिकपणें समास सोडविला, आणि दार उघडलें. तें दार तेवढ्या एका कर्मापुरतेंच उघडलें, हेंही मीमांसकांनीं तितक्याच स्पष्टपणें सांगितलें. पण उघडलें हें खरें.

हीच गोष्ट कोल्हापुरांत उलट झाली. १८९९ सालापासून शाहू छत्रपतींच्या राजवाड्यांतील कर्मांस वेदोक्त मंत्र म्हणावे कीं पुराणोक्त, हा वाद पेटला. राजोपाध्ये पुराणोक्ताहून पुढें जाण्यास तयार नव्हते. महाराज आपला क्षत्रियत्वाचा अधिकार सांगत होते. १९०२ सालीं राजोपाध्यांचें वतन जप्त झालें, आणि इंग्रज सरकारकडे त्यांची दाद लागली नाहीं. पुण्यांत ‘केसरी’नें १९०१ सालीं या विषयावर लिहून महाराजांच्या विरुद्ध पक्ष घेतला. नारायण पेठेंतील ज्या गायकवाड वाड्यांत हें पत्र पुढें १९०५ नंतर नांदलें, त्या वाड्यावरून मी नित्य जातों, आणि लोकमान्यांविषयींचा माझा आदर अबाधित ठेवूनही मला वाटतें कीं, या वादांत वाक्याचा अर्थ कमी पाहिला गेला आणि वाचणाऱ्याची जागा अधिक राखली गेली. राज्याभिषेकास चालणारा मंत्र स्नानास कां चालूं नये, या साध्या प्रश्नाला पूर्वपक्ष म्हणूनसुद्धां पुरता मान मिळाला नाहीं.

राज्याभिषेकाचें नांव निघालें, तेव्हां मंत्रशास्त्रांतील सर्वांत कठीण प्रश्नाकडे वळूं. सर्व नियम पाळूनही फळ आलें नाहीं तर काय समजावें? पावसासाठीं कारीरी इष्टि केली, आणि पाऊस पडला नाहीं. न्यायसूत्रकार म्हणतात, दोष कर्मांत, कर्त्यांत किंवा साधनांत असेल. मीमांसक आणखी एक भेद करतात: नित्य कर्म यथाशक्ति केलें तरी पुरें होतें, काम्य कर्म मात्र सर्वांगांनीं पूर्ण हवें. या उत्तरांत सोय अशी कीं मूळ वचनावर दोष कधींच येत नाहीं. आणि धोका असा कीं, कर्मांत उणें काढणाऱ्यास नेहमींच संधि राहते. रायगडावर नेमकें हेंच झालें. काशीच्या त्याच भट्ट घराण्यांतील, मीमांसेवर ग्रंथ लिहिणारे गागाभट्ट यांनीं शिवाजी महाराजांचा आधीं व्रतबंध करवून ६ जून १६७४ रोजीं वैदिक मंत्रांनीं अभिषेक केला. अकरा दिवसांनीं, १७ जून रोजीं, जिजाबाई वारल्या. निश्चलपुरी गोसाव्यांनीं अपशकुनांची यादी पुढें केली आणि पहिल्या विधींत उणीव राहिल्याचें सांगितलें; आणि २४ सप्टेंबर १६७४ रोजीं तांत्रिक पद्धतीनें दुसरा अभिषेक झाला. ‘शिवराज्याभिषेककल्पतरु’ हा ग्रंथ याच दुसऱ्या पक्षाचा आहे. महाराजांनीं दोन्ही विधि करवून घेतले. यांत कोणी श्रद्धा पाहील, कोणी राजकारण पाहील; मला त्यांत असा शहाणपणा दिसतो कीं, दोन पंथांचा अर्थवाद मिटत नसेल तर राज्याची घडी त्या वादावर टांगून ठेवूं नये.

खेळांत हा शेवटचा प्रश्न फार सोपा आहे. तेथें मंत्राचें फळ ग्रंथ आणि फांसे यांवरून ठरतें आणि ग्रंथाचा अर्थ सूत्रधार ठरवितो. तरीही प्रकाशकांस शंकासमाधानाचें सदर चालवावें लागलें. १९७९ सालीं त्यांच्या मासिकांत तें सुरू झालें, आणि पुढें त्या सदराच्या लेखकानें अर्थाचे तीन मार्ग सांगितले: शब्दाप्रमाणें, लिहिणाराच्या हेतूप्रमाणें, आणि बसलेल्या मंडळींच्या आनंदाप्रमाणें. पहिले दोन मार्ग आपल्या शास्त्रास नवे नाहींत. मात्र मीमांसक वेदाला कर्ता मानीत नसल्यामुळें कर्त्याच्या हेतूला त्यांच्याकडे जागा नव्हती. जें काय काढावयाचें तें वाक्यांतूनच. त्या सक्तीमुळेंच त्यांची वाक्य वाचण्याची विद्या इतकी बारीक झाली. तिसरा मार्ग मात्र त्यांनीं कधीं चालविला नसता, आणि खेळाबाहेर आपणही तो चालवूं नये. मिळकतीच्या, अधिकाराच्या किंवा राज्याच्या प्रश्नांत जो तो आपल्या आनंदाप्रमाणें अर्थ करूं लागला, तर जो बलवान् त्याचा अर्थ खरा ठरेल.

शाळेंत व्याकरण शिकवितांना मीं एक गोष्ट वारंवार पाहिली. मुलाला नियम आपल्या विरुद्ध जातांना दिसला म्हणजे तो शब्द काटेकोरपणें वाचूं लागतो, आणि नियम आपल्या बाजूस असला म्हणजे वाचतच नाहीं. मोठ्या माणसांचेंही फारसें निराळें नसतें. म्हणून गच्चीवर बसून मंत्राच्या एका शब्दावर तासभर वाद घालणाऱ्या मुलांना मी वेळ घालविणारे म्हणत नाहीं. त्यांच्यापुढें हरण्याजोगें फारसें कांहीं नाहीं, आणि म्हणूनच वाचण्याची शिस्त लावून घेण्यास ही जागा चांगली आहे. दुसऱ्याचा पक्ष आधीं त्याच्याहून चांगला मांडावा, उघड शब्दाला नांवापेक्षां अधिक मानावें, वर्णनांतून आज्ञा काढूं नये, आणि एकदां केलेला अर्थ आपल्यावर उलटला तरी बदलूं नये, एवढें जरी त्यांनीं खेळतां खेळतां आत्मसात् केलें, तरी पुढें दस्तऐवज, कायदे आणि घटना वाचण्याची वेळ येईल तेव्हां तें उपयोगीं पडेल. निषादाला दार उघडून देणारा समास ज्यानें सोडविला, त्याच्याजवळही याहून निराळें साधन नव्हतें.